स्वतः बांधत असलेल्या विमानासाठी इंजिन निवडताना: कार्ब्युरेटर की फ्युएल इंजेक्शन?

एरीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

ओहायोमध्ये, एरी सरोवरापासून फार लांब नसलेल्या एका गावात, माझ्या गॅरेजमध्ये व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही-९ए या दोन आसनी विमानाची बांधणी सुरू आहे. पंखांचे सांगाडे उभे झाले असून आता पंखांच्या पुढच्या कडेत बसणाऱ्या इंधनाच्या टाक्या करायच्या आहेत. प्रत्येक टाकी १८ गॅलनची, म्हणजे साधारण ६८ लिटरची असते. सांध्यांना सीलंट भरून आणि रिव्हेट मारून ती एकदा बंद केली, की तिच्यात पुन्हा हात घालायचा म्हणजे पत्रा कापण्यावाचून मार्ग उरत नाही. इंजिनाकडून वापराविना परत येणारे इंधन टाकीत घ्यायचे असेल, तर त्यासाठीचे तोंड आत्ताच बसवावे लागते. त्यामुळे बांधणीच्या शेवटी सोडवायचा म्हणून बाजूला ठेवलेला इंजिनाचा प्रश्न आत्ताच निकालात काढणे भाग आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला म्हणजे नुकतेच ओव्हरहॉल झालेले, १६० अश्वशक्तीचे, मार्व्हल-शेबलर कार्ब्युरेटर (हवेत इंधन मिसळणारे उपकरण) असलेले लायकमिंग ओ-३२० इंजिन, जे मला ओळखीतून रास्त किमतीत मिळत आहे. दुसरा, तेवढ्याच शक्तीचे आयओ-३२०, ज्यात बेंडिक्स पद्धतीचे यांत्रिक इंजेक्शन असते. तिसरा, याच इंजिनावर दोन संगणकांचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणि इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवणे. वर्षाकाठी शंभर-एक तास उड्डाण व्हावे, त्यातले बरेचसे सरोवरांच्या परिसरात आणि विस्कॉन्सिनपर्यंतच्या प्रवासाचे असावे, असा माझा बेत आहे. कसरती करायच्या नाहीत. ज्यांनी ही इंजिने चालवली किंवा हाताळली आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

टेक्सासवासी

अभिनंदन, आणि प्रश्न अगदी योग्य वेळी विचारलात. मी १८० अश्वशक्तीचे आयओ-३६० असलेले आरव्ही-७ उडवतो आणि माझे मत निःसंदिग्धपणे इंजेक्शनच्या बाजूने आहे.

पहिले आणि सर्वांत वजनदार कारण म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये धरणारे बर्फ. व्हेंच्युरीच्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या निमुळत्या गळ्याच्या, अरुंद भागात हवेचा दाब उतरतो आणि तिथेच इंधनाची वाफ होते. या दोन्हींमुळे तापमान ६० ते ७० अंश फॅरनहाइटने, म्हणजे ३३ ते ३९ अंश सेल्सिअसने उतरू शकते. एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या वैमानिक-पुस्तिकेनुसार बाहेरचे तापमान २१ अंश सेल्सिअसच्या खाली आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना धोका सर्वाधिक असतो, पण ३८ अंशांच्या उष्ण हवेत, ५० टक्के आर्द्रतेतही बर्फ धरू शकते. आपण सरोवराच्या काठी राहता. तिथले वसंत आणि शरद हे दोन्ही ऋतू या वर्णनात नेमके बसतात. इंजेक्शनमध्ये इंधन थेट प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी सोडले जाते, तिथला भाग तापलेला असतो, त्यामुळे हा प्रकार संभवतच नाही.

दुसरे कारण मिश्रणाच्या वाटपाचे. कार्ब्युरेटरमध्ये एकाच ठिकाणी केलेले मिश्रण चार नळ्यांतून चार सिलिंडरांकडे जाते आणि वाटेत थेंब सारखे वाटले जात नाहीत. एका सिलिंडरला गडद (जास्त इंधनाचे) तर दुसऱ्याला पातळ (कमी इंधनाचे) मिश्रण मिळते आणि सर्वांत पातळ सिलिंडरला सांभाळण्यासाठी बाकीच्या तिघांना जादा इंधन पाजावे लागते. इंजेक्शनमध्ये प्रत्येक नोझल वेगळी जुळवता येते. मग मिश्रण एक्झॉस्टच्या सर्वोच्च तापमानाच्याही पलीकडे पातळ करून, म्हणजे ज्याला आम्ही लीन ऑफ पीक म्हणतो त्या स्थितीत, इंजिन गुळगुळीत चालते, सिलिंडर थंड राहतात आणि इंधन वाचते.

बारामतीकर

मी विमान देखभाल अभियंता म्हणून अनेक वर्षे प्रशिक्षण संस्थांच्या सेसना १५२ आणि १७२ विमानांवर काम केले. या दोन्ही जातींची कार्ब्युरेटरची इंजिने आणि १९९६ नंतरच्या १७२ वरील इंजेक्शनची इंजिने, दोन्ही हातांखालून गेली आहेत. टेक्सासवासींनी बर्फाबद्दल लिहिलेले सर्व खरे आहे. त्याला दोन गोष्टी जोडतो.

बर्फ हा थंड देशांचा विषय आहे असे आपल्याकडे अनेक शिकाऊ वैमानिक मनाशी धरून येतात. पावसाळ्यात दख्खनवर तापमान २३-२४ अंश, ढग खाली उतरलेले आणि हवा ओलसर असते. अशा दिवशी धावपट्टीकडे उतरताना थ्रॉटल बंद केले की परिस्थिती नेमकी बर्फाला पोषक होते. म्हणून उतरण्यापूर्वी कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा लीव्हर, पूर्ण ओढण्याची सवय आम्ही बारामतीच्या उन्हाळ्यातही मोडू देत नसू.

मात्र सर्व कार्ब्युरेटर इंजिने एका मापाने मोजू नयेत. लायकमिंगच्या ओ-३२० वर कार्ब्युरेटर थेट तेलाच्या संपाच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) तळाशी बोल्टने आवळलेला असतो आणि मिश्रणाच्या नळ्या त्या गरम तेलातूनच वर जातात. त्यामुळे जुन्या सेसना १५० वरील कॉन्टिनेंटल ओ-२०० च्या मानाने हे इंजिन बर्फाला कमी बळी पडते. कमी, पण पडते.

बर्फ धरल्याची खूण ओळखणे हा खरा भाग आहे. ज्याच्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलत नाही अशा विमानात इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात आणि नवखा वैमानिक नकळत थ्रॉटल थोडे पुढे सरकवून त्यांची भरपाई करतो. कार्ब हीट ओढल्यावर फेरे आधी आणखी पडतात, इंजिन खडबडते, कारण वितळलेले पाणी सिलिंडरांत जात असते. घाबरून लीव्हर पुन्हा आत ढकलण्याचा मोह इथेच होतो. तसे न करता अर्धा-एक मिनिट तग धरला की फेरे पूर्वीपेक्षा वर चढतात. कार्ब्युरेटरच्या तोंडात तापमापक बसवला तर ही ओळख आधीच पटते. आपल्यासारख्या स्वतः विमान बांधणाऱ्याला तो बसवणे मुळीच अवघड नाही.

आता इंजेक्शनची दुसरी बाजू. नोझलचे भोक इंचाच्या २८ सहस्रांश, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटरचे असते. होज कापताना सुटलेला रबराचा एक कण किंवा टाकीतल्या सीलंटचा एक कपटा तिथे पोचला की ती सिलिंडर उपाशी राहते. गंमत अशी, की ज्या विमानात इंधनप्रवाहाचा काटा प्रत्यक्षात दाब मोजणारा असतो, तिथे नोझल चोंदल्यावर दाब वाढल्यामुळे काटा प्रवाह वाढल्याचे दाखवतो. काट्यावर विसंबून मिश्रण आणखी पातळ करणारा वैमानिक नेमके उलटे करत असतो.

आणि त्या पोलादी इंधननळ्या. वाटप करणाऱ्या स्पायडरपासून प्रत्येक सिलिंडरकडे पेन्सिलीच्या शिशाहून थोडी जाड अशी एक नळी जाते. तिला ठरलेल्या ठिकाणी क्लॅम्प नसेल तर ती कंपनाने झिजते आणि तापलेल्या सिलिंडरांवर दाबाखालील इंधन उडते. एफएएने या नळ्या दर १०० तासांनी तपासण्याचा आदेश प्रमाणित विमानांसाठी काढलेला आहे, तो उगीच नव्हे. स्वतः बांधलेल्या विमानाच्या मालकानेही तो स्वतःला लागू आहे असेच समजावे.

सातारी_कन्या

मी पुण्यात दुचाकींच्या इंजिन-नियंत्रण प्रणालीवर काम करते. विमान उडवत नाही, पण या विषयाची ओढ आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले आणि आपल्या जवळजवळ सगळ्या मोटारसायकली कार्ब्युरेटर सोडून इंजेक्शनवर आल्या. त्यामुळे सर्वसाधारण वाचकाला वाटेल, की विमानातही हा प्रश्न कधीच निकाली निघायला हवा होता. तो का निघालेला नाही, हे माझ्या क्षेत्राच्या बाजूने सांगते.

दुचाकीच्या इंजिनाला क्षणोक्षणी थ्रॉटल बदलत, थंड इंजिनापासून भर वाहतुकीपर्यंत धूर मर्यादेत ठेवायचा असतो. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची खरी कमाई त्या सतत बदलणाऱ्या स्थितीत होते. एरीकाठचा यांचे इंजिन एकदा वर गेले की तासन्‌तास २४०० फेऱ्यांच्या आसपास, ६५-७५ टक्के शक्तीवर एकाच लयीत चालेल. तिथे हवेच्या दाबानुसार इंधन मोजणारे साधे यांत्रिक उपकरणही उत्तम काम करते. बेंडिक्सच्या सर्व्होमध्ये एका पडद्यावर हवेच्या दाबातील फरक आणि दुसऱ्यावर इंधनाच्या दाबातील फरक असे तोलून एक झडप हलते आणि त्याला विजेची गरजच पडत नाही. मला तर हे उपकरण फार देखणे वाटते.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत मात्र पंप, इंजेक्टर, कॉइल आणि संगणक हे सगळे विजेवर चालतात आणि वीज गेली की इंजिन थांबते. समजा हा सगळा भार १२ अँपिअर आहे आणि बॅटरी १५ अँपिअर-तासांची आहे. अल्टरनेटर बंद पडल्यावर कागदावर सव्वा तास मिळतो. पण बॅटरी जुनी असेल, रेडिओ आणि पडदे चालू असतील, आणि बिघाड लक्षात यायला दहा मिनिटे गेली असतील, तर मी स्वतः अर्ध्या तासापेक्षा जास्त हिशेबात धरणार नाही. दोन संगणक बसवले पण दोघांना वीज एकाच फ्यूजमधून आणि एकाच अर्थिंगच्या बोल्टमधून दिली, तर तो दुहेरी बंदोबस्त नावापुरताच राहतो. हा पर्याय घ्यायचा तर विमानाची सर्व वायरिंग त्याच्याभोवती रचावी लागेल.

एरीकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. बारामतीकर, नोझल चोंदल्यावर काटा उलटे सांगतो हे मला नवे होते.

मी इंधनबचतीचा हिशेब मांडून पाहिला. ६५ टक्के शक्तीवर १६० अश्वशक्तीचे इंजिन १०४ अश्वशक्ती देते. कार्ब्युरेटरवर किंचित गडद मिश्रणाने तासाला आठ गॅलनच्या आसपास आणि इंजेक्शनवर लीन ऑफ पीक चालवल्यास सात गॅलनच्या आसपास खर्च धरला, तर तासाला एक गॅलन वाचतो. वर्षाला शंभर तास आणि गॅलनला सहा-सात डॉलर भाव, म्हणजे सहा-सातशे डॉलर. इंजेक्शनसाठी मला मोजावी लागणारी जादा रक्कम, उच्च दाबाचा पंप आणि गाळणी धरून, यापेक्षा कित्येक पट आहे. शिवाय ओव्हरहॉल झालेले इंजिन हातचे जाईल ते वेगळेच. पाच-सहा वर्षांनी फिटणारी बचत हे निवडीचे कारण होऊ शकते का, असा प्रश्न पडतो.

टेक्सासवासी

पैशाचा हिशेब बरोबर आहे, पण तो फक्त पैशाचा आहे. तासाला आठऐवजी सात गॅलनने उडताना ३६ गॅलनमध्ये आणखी अर्ध्या तासाहून जास्त वेळ हवेत राहता येते. सरोवरावर हवामान बिघडले आणि दुसरा विमानतळ गाठायचा असला, तर तो अर्धा तास फार मोलाचा ठरतो.

जुळवणी कशी करतात तेही लिहितो, म्हणजे ही बचत आपोआप पदरात पडते असा समज होणार नाही. शांत हवेत ६५ टक्के शक्तीवर स्थिर उडत मिश्रण अगदी सावकाश पातळ करायचे आणि प्रत्येक सिलिंडरचे एक्झॉस्ट तापमान शिखराला पोचले त्या क्षणीचा इंधनप्रवाह टिपायचा. पहिल्या आणि शेवटच्या सिलिंडरमधला फरक तासाला अर्ध्या गॅलनच्या आत यायला हवा. जी सिलिंडर आधी शिखर गाठते ती इतरांपेक्षा पातळ आहे, तिला किंचित मोठ्या भोकाचे रेस्ट्रिक्टर (नोझलमधला इंधन आवरणारा छेददार तुकडा) द्यायचे. ही रेस्ट्रिक्टर इंचाच्या अर्ध्या सहस्रांशाच्या फरकाने मिळतात. माझ्या विमानात हे जुळेपर्यंत काही उड्डाणे खर्ची पडली, पण नंतरचे इंजिन ऐकण्यासारखे आहे.

इंजेक्शनची खरी डोकेदुखी म्हणजे गरम इंजिन पुन्हा सुरू करणे, आणि ती मी झाकून ठेवणार नाही. टेक्ससच्या ४० अंशांच्या दुपारी इंधन भरून वीस-तीस मिनिटांनी परत आले, की सिलिंडरांच्या वर बसलेल्या नळ्यांतले इंधन उकळलेले असते. मिश्रण बंद, थ्रॉटल थोडे उघडे, स्टार्टर फिरवायचा आणि इंजिनाने पेट घेताच मिश्रण पुढे करायचे, ही पद्धत बहुतेक वेळा काम करते. काही प्रणालींत पर्ज व्हॉल्व्ह असतो. तो उघडून विजेचा पंप चालवला की तापलेले इंधन टाकीकडे परत जाते आणि थंड इंधन वर येते. मग इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू होते. त्या परतीच्या इंधनासाठीही टाकीला तोंड लागते, हे आपल्या आत्ताच्या कामाशी थेट जोडलेले आहे.

बारामतीकर

कार्ब्युरेटरवर लीन ऑफ पीक होतच नाही असे नाही. ओ-३२० मध्ये वाटप बऱ्यापैकी सारखे असते. थ्रॉटल पूर्ण उघडे न ठेवता केसभर मागे घेतले की झडप तिरपी होऊन मिश्रण घुसळले जाते आणि कार्ब हीट थोडीशी दिली की थेंबांची वाफ चांगली होते. एवढ्याने चारही सिलिंडर पुष्कळदा शिखराच्या पलीकडे नेता येतात. इंजेक्शनइतके नीट नाही, पण एरीकाठचा यांनी मांडलेल्या एका गॅलनमधला काही वाटा याने मिळतो.

यॉर्कशायरकर

माझे विमान युरोपा, त्यावर १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ यूएलएस आहे. हा धागा लायकमिंगचा असला तरी हाच प्रश्न रोटॅक्स घेणाऱ्याला जरा वेगळ्या रूपात पडतो, म्हणून लिहितो.

या इंजिनावर दोन बिंग कार्ब्युरेटर असतात. उंचीप्रमाणे ते मिश्रण आपोआप सांभाळतात, त्यामुळे वैमानिकाच्या हातात मिश्रणाचा लीव्हरच नसतो. पण दोन्ही एका तालात उघडले पाहिजेत. व्हॅक्यूमचे काटे लावून ते वेळोवेळी जुळवावे लागतात, नाहीतर गिअरबॉक्सला हादरे बसतात. फ्लोटची, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाडग्यातल्या इंधनावर तरंगणाऱ्या तुकड्यांचीही, एक गोष्ट आहे. काही फ्लोट इंधन शोषून जड होतात आणि वाडग्यातली पातळी चढून इंजिन गडद मिश्रणावर धडपडू लागते. म्हणून तपासणीच्या वेळी एका कार्ब्युरेटरचे दोन्ही फ्लोट काढून तराजूवर ठेवायचे. दोघांचे मिळून वजन ७ ग्रॅमच्या वर गेले की ते बाद. मी सोनाराच्या काट्यासारखा एक छोटा काटा या एका कामासाठी ठेवला आहे.

२०१२ मध्ये रोटॅक्सने ९१२ आयएस आणले. त्यात इंजेक्शन, नियंत्रणाच्या दोन स्वतंत्र शाखा आणि इंजिनातच दोन जनित्रे आहेत. सातारी_कन्या यांनी विजेबद्दल मांडलेल्या शंकेला कारखान्यानेच दिलेले हे उत्तर म्हणता येईल. वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. भारताच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनेही आपल्या हंसा-३ या दोन आसनी विमानावर टर्बोचार्जरचे, कार्ब्युरेटर असलेले रोटॅक्स ९१४ वापरले होते आणि नव्या हंसा-एनजीसाठी ९१२ आयएस या जातीचे इंजेक्शन इंजिन घेतले, यावरून वारे कुठल्या दिशेने आहे ते दिसते.

महाराष्ट्रात मायक्रोलाइट उडवणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. रोटॅक्स या इंजिनांत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालवून घेते. भारतातल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. कार्ब्युरेटर असो वा इंजेक्शन, ते या मर्यादेबाहेरच आहे. इथेनॉल पाणी ओढते आणि काही रबरे व सीलंट फुगवते. इंडियन ऑइलने २०२२ पासून गुजरात रिफायनरीत अॅव्हगॅस १०० एलएल हे विमानांचे, थोडे शिसे असलेले पेट्रोल बनवायला सुरुवात केली हा दिलासा आहे. पण त्यातल्या शिशामुळे रोटॅक्सचे तेल दर २५ तासांनी बदलावे लागते, हेही गणितात धरावे.

निळाई

मी इलिनॉयमध्ये राहते. ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेत बांधणाऱ्यांना तांत्रिक सल्ला देण्याचे काम करते. वरील चर्चा वाचून मला असे वाटते, की आपण उपकरणांची तुलना करतो आहोत, पण इंजिन बंद पडते ते बहुधा उपकरणामुळे नव्हे, तर टाकीपासून त्या उपकरणापर्यंतच्या वाटेमुळे. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने २०१२ मध्ये स्वतः बांधलेल्या विमानांच्या सुरक्षेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इंजिनाची शक्ती जाणे आणि विमानावरचा ताबा सुटणे ही अपघातांची प्रमुख कारणे दिसली. पहिल्या उड्डाणापूर्वी इंधनप्रणालीची प्रत्यक्ष चाचणी करून तिची नोंद ठेवावी, अशी शिफारसही त्याच अभ्यासातून झाली. म्हणून माझा आग्रह असा आहे, की एरीकाठचा यांनी इंजिन निवडू नये. टाकी, गाळणी, पंप, नळ्या, वायरिंग आणि इंजिन मिळून जी एक सबंध प्रणाली होते, तिची निवड करावी.

उंच पंखाच्या विमानात, उदाहरणार्थ झेनिथच्या सीएच ७५० मध्ये, इंधन उतारानेच कार्ब्युरेटरपर्यंत पोचते. तिथे कार्ब्युरेटर निवडणाऱ्याला पंपावर विसंबावे लागत नाही, हा त्याचा फार मोठा फायदा आहे आणि तो सहजी सोडू नये. आरव्ही-९ए चे पंख खाली असतात. इथे दोन्ही पर्यायांत इंजिनाचा एक आणि विजेचा एक असे दोन पंप लागणारच. म्हणजे साधेपणाचा जो युक्तिवाद कार्ब्युरेटरच्या बाजूने केला जातो, तो या विमानात अर्धाच उरतो. फरक दाबाचा आहे. लायकमिंगच्या कार्ब्युरेटरला अर्धा ते ८ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब पुरतो, इंजेक्शनच्या सर्व्होला १४ ते ४५ पीएसआय लागतो. गळती झाली तर कमी दाबाची नळी ठिबकते आणि जास्त दाबाची फवारते.

चाचणी कशी करावी ते सांगते, कारण ती करणारे फार थोडे भेटतात. १६० अश्वशक्तीचे इंजिन उड्डाणाच्या वेळी तासाला ५५ लिटरच्या आसपास इंधन पिते. पंपाच्या प्रणालीने त्याच्या १२५ टक्के, म्हणजे सुमारे ७० लिटर देता आले पाहिजे. उताराच्या प्रणालीसाठी हे प्रमाण १५० टक्के धरतात. विमानाचे नाक चढाईच्या कोनाइतके उचलून शेपूट खाली बांधायची, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी नळी सोडवून ती मापाच्या डब्यात धरायची, टाकीत थोडेच इंधन ठेवून विजेचा पंप चालवायचा आणि घड्याळ लावायचे. पाच मिनिटांत सहा लिटरच्या जवळपास भरले पाहिजे. दोन्ही टाक्यांवर वेगवेगळे करायचे. प्रवाह अडखळला की हवा शिरते आहे हे डोळ्यांना दिसते. आसपास ठिणगी नको, अग्निशामक हाताशी हवा आणि विमान अर्थिंगला जोडलेले हवे.

नियमांचा एक मुद्दाही पाहावा. प्रमाणित इंजिन आणि त्याला प्रमाणित जोडीचा पंखा असेल तर पहिल्या टप्प्याची चाचणी-उड्डाणे साधारणपणे २५ तासांची ठरतात, एरवी ४० तासांची. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवले की इंजिन त्या प्रमाणित रूपात राहत नाही. १५ तास जास्त उडणे हा तोटा मानू नये, पण ते आधी माहीत असावे.

टेक्सासवासी

निळाई यांच्या प्रणालीच्या मुद्द्याशी सहमत आहे, पण त्यातून कार्ब्युरेटरकडे झुकणारा निष्कर्ष निघतो असे मला वाटत नाही. नळी झिजणे, नोझल चोंदणे हे जमिनीवर तपासून टाळता येणारे दोष आहेत. बर्फ हा तपासणीत दिसणारा दोष नाही. उत्तम स्थितीतल्या इंजिनालाही तो हवेत गाठतो आणि त्याचे उत्तर त्या क्षणी वैमानिकाला आठवावे लागते. थकलेला माणूस चुकतो. मी यंत्रावर तो भार टाकणे पसंत करीन.

बारामतीकर

हा युक्तिवाद जबरदस्त आहे आणि तो मी खोडणार नाही. एवढेच म्हणेन, की इंजेक्शन इंजिनालाही हवेच्या गाळणीवर बर्फ किंवा हिम साचून श्वास कोंडण्याचा धोका असतो आणि त्यासाठी पर्यायी हवेचे दार बसवावेच लागते. ते उघडण्याची आठवणही वैमानिकालाच ठेवावी लागते. माझ्या दृष्टीने कळीचा प्रश्न असा आहे: बिघाड झाल्यावर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातात काय उरते? बर्फ धरले तर हातात लीव्हर आहे. एक नोझल चोंदली तर तीन सिलिंडर उरतात आणि विमानतळ गाठता येतो. इलेक्ट्रॉनिक प्रणालीची वीज पूर्ण गेली तर हातात फक्त खालचे शेत उरते. म्हणून पहिल्यांदा विमान बांधणाऱ्याने तिसरा पर्याय घेऊ नये असे मला वाटते. पहिल्या दोहोंत मात्र मालकाची सवय आणि हवामान पाहून ठरवावे.

सातारी_कन्या

तिसऱ्या पर्यायाबाबत मी बारामतीकरांपेक्षा थोडी सौम्य आहे. दोन अल्टरनेटर, वेगळी राखीव बॅटरी आणि पंपांना स्वतंत्र तारा, हे सारे आधीपासून आखले तर तो पर्याय खात्रीचा होऊ शकतो, आणि शिशाविना इंधन सर्वत्र आले की प्रज्वलनाची वेळ त्या इंधनाप्रमाणे बदलता येण्याचा फायदाही मिळेल. परंतु वायरिंग करणाऱ्याने ती स्वतः समजून केलेली असली पाहिजे. दुसऱ्याने आखून दिलेल्या नकाशावर डोळे मिटून वायर ओढणाऱ्याने यात पडू नये.

एरीकाठचा

या चर्चेने माझे पुष्कळ धुके निवळले. वायरिंग मला जमते, पण इंजिन चालत राहणे तिच्यावर अवलंबून असावे इतके मी ते काम केलेले नाही, त्यामुळे तिसरा पर्याय बाजूला ठेवला आहे. उरलेल्या दोहोंत मी कार्ब्युरेटरचे ओ-३२० घेतो आहे. टेक्सासवासींचे बर्फाबद्दलचे म्हणणे मला पटते. म्हणूनच कार्ब्युरेटरच्या तोंडातला तापमापक पहिल्या दिवसापासून बसेल, त्याचा इशारा समोरच्या पडद्यावर पिवळ्या पट्ट्यात येईल, आणि एक्झॉस्टवरचे गरम हवेचे आवरण अर्धवट न करता पूर्ण नळीभोवती घेईन. इंजिन प्रमाणित असल्यामुळे आणि ते ज्याने ओव्हरहॉल केले त्याच्या नोंदी मला पाहायला मिळाल्यामुळे, माझ्या हाती असलेल्या अनुभवाला हीच प्रणाली झेपेल असे वाटते.

मात्र पुढे कधी इंजेक्शनकडे वळावेसे वाटले तर टाकी कापावी लागू नये, म्हणून दोन्ही टाक्यांत परतीच्या इंधनासाठी तोंड आत्ताच बसवून त्याला बूच लावून ठेवावे असा विचार आहे. यात काही धोका आहे का? आणि ते नेमके कुठे बसवावे?

निळाई

बसवा. टाकी उघडी असताना हे काही तासांचे काम आहे. बूच धातूचे, फ्लेअर फिटिंगला (रुंदावलेल्या तोंडाच्या नळीच्या सांध्याला) बसणारे घ्या आणि टाकीची गळती-चाचणी करताना ते लावलेल्या स्थितीतच करा, म्हणजे तो सांधाही त्याच वेळी तपासला जाईल.

जागेबद्दल: ते तोंड टाकीच्या आतल्या, म्हणजे विमानाच्या धडाकडच्या रिबवर (पंखाच्या फासळीवर) घ्या, पण इंधन उचलणाऱ्या नळीपासून शक्य तितके दूर. परत येणारे इंधन गरम आणि फेसाळ असते, ते लगेच पुन्हा ओढले गेले तर पंपाला बुडबुडे मिळतात. आतून एक छोटी नळी लावून तिचे टोक शेजारच्या कप्प्यात सोडले तर उत्तम. इंधनपातळीच्या फ्लोटवर त्याची धार पडणार नाही एवढे पाहा.

दोन्ही टाक्यांत तोंड ठेवण्याचा आपला विचार योग्य आहे. परतीची नळी फक्त डाव्या टाकीला जोडली आणि आपण उजव्या टाकीवर उडत असलात, तर उजवीकडचे इंधन इंजिनामार्गे डावीकडे जमा होत राहते आणि डावी टाकी भरली की ते व्हेंटमधून, म्हणजे टाकीत हवा घेणाऱ्या नळीतून, बाहेर सांडते. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा पंप इंजिनाच्या गरजेच्या कितीतरी पट इंधन फिरवतो, त्यामुळे हे फार झपाट्याने होते. पुढे बदल केलात, तर ज्या टाकीतून इंधन घेतले त्याच टाकीत ते परत पाठवणारा दुहेरी सिलेक्टर व्हॉल्व्ह लागेल. त्याच्यासाठी दोन आसनांच्या मधल्या बोगद्यात आत्ताच्या व्हॉल्व्हपेक्षा थोडी जास्त खोली ठेवा आणि परतीच्या दोन नळ्या जातील एवढी भोके तिथल्या रिबांना आताच पाडून, त्यांत ग्रॉमेट (भोकाच्या कडेची संरक्षक कडी) बसवून ठेवा.